गाडीपरीक्षण

मराठीत ग्रंथपरीक्षण आहे, नाट्यपरीक्षण आहे, मैफलीचं परीक्षण आहे. उन्हाळ्यात तर लग्नाच्या जेवणावळींचंही परीक्षण होतं आणि ते बाकी सगळ्यांपेक्षा प्रामाणिक असतं. पण जुन्या मोटारीचं परीक्षण मात्र कुणी मनावर घेत नाही. वास्तविक नाटक पडलं तर प्रेक्षकाचे तिकिटापुरते पैसे जातात. गाडी पडली तर प्रॉव्हिडंट फंड जातो. समीक्षकाची खरी गरज कुठे आहे, हे सूज्ञांस सांगणे न लगे.

ही उणीव भरून काढायची पाळी माझ्यावर आली ती डाव्या गुडघ्यामुळे. डोणगावात, म्हणजे बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यात, मी जन्मभर फळ्यासमोर उभा राहिलो. त्या उभं राहण्याचं पेन्शन सरकारने दिलं तसंच गुडघ्यानेही दिलं. डॉक्टर म्हणाले, "गाडी चालवा, पण क्लच दाबू नका." म्हणजे पोहा, पण पाण्यात उतरू नका! "चालवूच नका" म्हणाले असते तर प्रश्न मिटला असता. पण आमच्या हिला डोळ्याच्या पडद्याच्या इंजेक्शनासाठी दर महिन्याला अकोल्याला न्यावं लागतं. ती तारीख चुकली की दिसण्यातलं थोडं थोडं कमी होतं आणि गेलेलं परत येत नाही. इंजेक्शन झालं की पट्टी बांधलेला एक डोळा आणि उन्हाने मिटणारा दुसरा घेऊन एस.टी.च्या फलाटावर उभं राहायचं. मुलगा पुण्यात. तेव्हा गाडी हवी, आणि ती क्लच नसलेली हवी.

झालं, गावात बातमी पसरली. गुडघ्याने सांगितलं, ऑटोमॅटिक घ्या. पासबुकाने सांगितलं, पाच लाखांच्या वर जाऊ नका. आणि उरलेल्या डोणगावाने एकमुखाने सांगितलं, "गुरुजी, घ्याल तर डिझेलच!" मुलगी गोरी, शिकलेली, नोकरीवाली आणि हुंडा देणारी पाहिजे, असं म्हणणारी मंडळी पूर्वी असायची, त्यांच्या पंगतीला मी जाऊन बसलो.

प्रथम या विषयावरचं उपलब्ध वाङ्मय वाचून काढलं. जुन्या गाड्यांच्या जाहिराती हा मराठी ललित लेखनाचा एक उपेक्षित प्रकार आहे. कमी शब्दांत एवढी कल्पनाशक्ती नवकवींनाही जमली नाही. 'एकहाती वापर' म्हणजे मालक एक, हात चार: बाप, दोन मुलं आणि एक भाचा. 'डॉक्टरांची गाडी' हा शब्दप्रयोग वाचून वाटतं, महाराष्ट्रातल्या समस्त डॉक्टरांनी एकाच आठवड्यात पायी फिरायचं ठरवलं की काय. 'किरकोळ ओरखडे' हा अलंकार झाकण्याच्या जातीचा. 'फॅमिली मोठी झाल्यामुळे विकणे आहे' हा करुणरस. आणि 'एकदा बघाच' ही ओळ दिसली की समजावं, दोनदा बघितलं तर खैर नाही.

या वाङ्मयात परप्रांतीय प्रभावही आहे. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना 2015 साली हरित लवादाने बंदी घातली आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या डिझेल गाड्या मातीमोलाने बाहेर पडू लागल्या. किंमत ऐकून तोंडाला पाणी सुटतं. पण त्या गाडीला तिथल्या आर.टी.ओ.चं ना-हरकत पत्र लागतं, इथे नव्याने नोंदणी लागते आणि महाराष्ट्राचा रोडटॅक्स वेगळा भरावा लागतो. स्वस्त सून आणली आणि तिच्या माहेरचं कर्ज फेडत बसलो, अशी गत.

आता प्रत्यक्ष कलाकृतींकडे वळू. ऑटोमॅटिक हे एक नाव असलं तरी त्यात घराणी आहेत, आणि घराणं न ओळखता दाद देणारा रसिक मार खातो.

पहिलं घराणं ए.एम.टी.चं. यात पेटी साध्या गाडीचीच असते. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला एक यंत्र बसवलेलं असतं. डिझेलमध्ये हे घराणं 2014 साली टाटांच्या झेस्टने रुजवलं, 2015 मध्ये महिंद्रांची टी.यू.व्ही. 300 आली, 2016 मध्ये मारुतीची डिझायर आणि 2018 मध्ये टाटांची नेक्सॉन. अभिनय प्रामाणिक, पण वाक्य विसरलेल्या नटासारखा: एका गिअरमधून दुसऱ्यात जाताना क्षणभर थांबतो, प्रॉम्प्टरकडे बघतो आणि मग झटक्यात पुढचं म्हणतो. ॲव्हरेज मात्र साध्या गाडीच्या जवळपास. आमच्या मिस्त्र्याने या घराण्याची समीक्षा एका वाक्यात केली, "पायातला क्लच गेला गुरुजी, पोटातला हाये तिथंच हाये." म्हणजे तो झिजणार, आणि बदलायचा खर्च साध्या गाडीपेक्षा जास्त येणार.

दुसरं घराणं टॉर्क कन्व्हर्टरचं. इंजिनाची ताकद चाकांकडे तेलाच्या मार्फत जाते. ह्युंदाईच्या वेर्ना-क्रेटामध्ये हे आहे. चाल संथ, मींडयुक्त, कुठे खटका नाही. पण मोठा गवयी आला की बिदागीही मोठी: डिझेल थोडं जास्त, पेटीचं तेल महाग, आणि पाच लाखांत जी हाताला लागते ती बहुधा वयाने इतकी थोर असते की तिच्या पाया पडून परत यावंसं वाटतं.

तिसरं घराणं दोन क्लचवाल्या डी.एस.जी.चं. फोक्सवॅगन व्हेंटो, स्कोडा रॅपिड. एक क्लच चालू गिअर सांभाळतो, तोवर दुसरा पुढच्याची तयारी करून ठेवतो. जुगलबंदी अप्रतिम. परंतु याच कंपनीला 2013 साली चीनमध्ये डी.एस.जी. पेट्यांपायी पावणेचार लाखांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, हे ऐकल्यावर दाद देणारा हात आपोआप खिशावर जातो. मुंबई-पुण्यात ठीक आहे. डोणगावात ही पेटी रुसली तर तिची समजूत घालणारा माणूस शोधायला छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर गाठावं लागेल, आणि तेही गाडी दुसऱ्या गाडीवर घालून.

म्हणून समीक्षकाचा पहिला निकष: गाडी अशी घ्यावी की जिचं पोट उघडायला गावचा मिस्त्री कचरत नाही. डिझायर-झेस्टच्या पोटात फियाटचं 1248 सी.सी. इंजिन आहे. ते इतक्या कंपन्यांच्या इतक्या गाड्यांत बसलं की लोक त्याला 'राष्ट्रीय इंजिन' म्हणू लागले. टी.यू.व्ही.चं आडनाव महिंद्रा आहे, एवढं मेहकर रस्त्यावर पुरतं.

एवढ्यावर परीक्षण संपायला हवं होतं. पण चांगला समीक्षक कथानकाच्या मुळाशी जातो. तेव्हा मूळ प्रश्न असा की, डिझेल काहून?

याचं उत्तर इतिहासात आहे. 1998 च्या डिसेंबरात टाटांनी पुण्यात तयार केलेली इंडिका आणली आणि मध्यमवर्गाला डिझेलची गोडी लागली. डिझेलला तेव्हा सरकारचा आधार होता, पेट्रोल आणि डिझेलच्या भावात जमीन-अस्मानाचं अंतर होतं. ऑक्टोबर 2014 मध्ये सरकारने डिझेलचा भाव मोकळा सोडला आणि अंतर आटत गेलं. एप्रिल 2020 पासून बी.एस. 6 चे नियम आले, तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या करणंच सोडलं. तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी धरणारी जाळी असते. ती जाळून साफ व्हायला गाडी अधूनमधून वेगात सलग पळावी लागते. नुसती घर-बाजार फिरवली की जाळी तुंबते. एवढं सगळं घडलं, पण गावाची श्रद्धा 2012 सालातच उभी आहे.

मग मी वहीच घेतली. गणित हा माझा शाळेतला विषय. महिन्याला एक अकोला, आठवड्याला दोन मेहकर, सणावारी शेगाव: वर्षाला 6,000 किलोमीटर झाले तरी पुष्कळ. पेट्रोल 105 रुपये आणि डिझेल 92 रुपये लिटर धरा. हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, म्हणून पेट्रोलगाडीला लिटरमागे 16 च किलोमीटर देऊ, डिझेलला 20. पेट्रोलचा वर्षाचा खर्च 39,375, डिझेलचा 27,600. बचत 11,775. आता एकाच मॉडेलच्या, एकाच वयाच्या दोन गाड्यांत डिझेलवाल्याने माझ्याकडे लाखभर जास्त मागितले होते. तो लाख वसूल व्हायला साडेआठ वर्षं. गाडी 2017 ची, म्हणजे 15 वर्षांची मूळ नोंदणी 2032 मध्ये संपते. माझा फायदा 2034 मध्ये सुरू होतो. मधल्या दोन वर्षांत फिटनेस, पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर. इंजेक्टर आणि टर्बो यांनी अंग टाकलं तर त्याचा हिशेब नातवाने करायचा. वर्षाला 20,000 किलोमीटर फिरणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याचा लाख अडीच वर्षांत परत येतो, त्याने खुशाल डिझेल घ्यावं.

हे गणित मी पारावर मांडलं. कुणालाही चूक सापडली नाही आणि कुणालाही ते पटलं नाही. "पण गुरुजी, डिझेल ते डिझेल," एवढंच म्हणून सभा बरखास्त झाली.

अखेर मिस्त्र्याला बरोबर घेऊन पेट्रोलची एक ए.एम.टी. बघायला निघालो. त्याआधी एका ठिकाणी बॉनेटला हात लावल्याबरोबर त्याने मला बाहेर काढलं होतं. "गरम हाये. आपण याच्या आंधीच चालू करून ठेवली. थंडी चालू झाली नाई तर लोकायले समजते ना!" पडदा उघडण्याआधी नटाला उठवून बसवण्याचा हा प्रकार. इथे गाडी थंड होती आणि एका हाकेला उठली. मिस्त्र्याने टायरवरचे चार आकडे वाचले. त्यात पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ब्रेकच्या पायपट्टीचं रबर पाहिलं, कारण मीटर मागे फिरवता येतं, रबर नाही. मग चढावर गाडी थांबवून ब्रेक सोडायला लावला. पातूरच्या घाटात जी मागे घसरेल ती आपल्या कामाची नाही. बैलबाजारात दात मोजणारा माणूस मी पाहिलाय. त्याच्या चेहऱ्यावर अशीच शांतता असते. शेवटी आर.सी.वर बँकेचा बोजा शिल्लक नाही ना, ते पाहिलं आणि तो म्हणाला, "घ्या. फार चांगली नाई, पण खोटी नाई."

पुष्कळ पुस्तकांबद्दल मला इतकं चांगलं लिहिता आलेलं नाही.

फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या, विमा माझ्या नावावर आला, आणि इंजेक्शनाच्या तारखेआधी चार दिवस गाडी दारात उभी राहिली. हिने नारळ फोडला आणि अकोल्याला किती वाजता निघायचं, एवढंच विचारलं. मी म्हटलं, "सहाला." संध्याकाळपर्यंत निम्मं गाव येऊन गेलं. गाडीभोवती फिरून, दार उघडून, लावून सगळ्यांनी पाहिलं. जाताना प्रत्येकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज उतरवून म्हटलं, "पेट्रोल निघाली म्हणता? असू द्या गुरुजी. होते असं."