जुन्या सार्वजनिक वास्तूंतील नवे फेरफार

एखाद्या जुन्या पत्राचा फाटका बंद फेकून देऊन त्याच्या जागीं कोणी सुवाच्य अक्षरांत नवा मजकूर लिहून ठेवला, तर संशोधक त्यास बनावट कागद म्हणतील. परंतु हेंच कृत्य वास्तूच्या बाबतींत घडलें म्हणजे त्यास जीर्णोद्धार, सुशोभीकरण अशीं गोड नांवें मिळतात. वास्तु हेंही इतिहासाचें अस्सल साधन आहे ही गोष्ट आपण तोंडानें मान्य करतों; आचरणांत मात्र ती क्वचितच उतरते. म्हणून फेरफार कोणता क्षम्य व कोणता अक्षम्य, याची कसोटी दोन उदाहरणांवरून ठरवूं.

वरवंडाहून सोलापूर रस्त्यानें पुण्याकडे निघालें म्हणजे चौफुल्यानंतर यवत लागतें, आणि पुढें डाव्या हातास भुलेश्वराचा डोंगर येतो. येथील मंदिर यादवकालीन शैलीचें, काळ्या पाषाणाचें व शिल्पसमृद्ध आहे. सतराव्या शतकांत आदिलशाही सरदार मुरार जगदेव यानें याच डोंगरावर दौलतमंगळ किल्ला उभारला. पुढें मंदिराच्या पाषाणी अंगावर विटाचुन्याचें शिखरकाम चढलें. हें काम मूळ शैलीशीं विजोड आहे असें कोणी म्हणेल, आणि तें खोटेंही नाहीं. तथापि पाषाण कोठें संपतो व वीट कोठें सुरू होते हें कोणाही डोळसास तेथें ओळखतां येतें. नव्यानें जुन्याचें सोंग घेतलेलें नाहीं. दोन्ही काळांची साक्ष शाबूत आहे, म्हणून हा फेरफार आम्ही दोषास्पद मानीत नाहीं.

दुसरें उदाहरण पुण्याच्या विश्रामबागवाड्याचें. दुसऱ्या बाजीरावासाठीं हा वाडा १८०७ च्या सुमारास पुरा झाला. सुरूच्या आकाराचे त्याचे लांकडी खांब प्रसिद्धच आहेत. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्यें येथें संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिचीच परंपरा पुढें डेक्कन कॉलेजांत गेली. १८७९ च्या मे महिन्यांत आग लागून वाड्याचा कांहीं भाग जळाला व तो लोकवर्गणी आणि नगरपालिकेचा पैसा यांतून पुन्हा बांधण्यांत आला. १९३० पासून सुमारें तीन दशकें नगरपालिकेची कचेरी येथें होती. प्रासाद, पाठशाळा, कचेरी अशा प्रत्येक अवस्थेनें वास्तूवर आपला हात फिरविला.

यांतील कोणतें ठेवावें व कोणतें काढावें? केवळ बाजीरावाचाच वाडा परत आणूं, असा हट्ट धरल्यास १८७९ नंतरचें बांधकामही पाडावें लागेल. परंतु तें तर पुणेकरांनीं आपला वारसा सांवरल्याचें प्रमाण आहे. याउलट कचेरीच्या सोयीसाठीं घातलेल्या तात्पुरत्या आडभिंती नोंद करून काढल्यास इतिहासाची हानि होत नाहीं. वापरामुळेंच वास्तु जगते असा आक्षेप येईल, व तो खरा आहे. रिकामा वाडा वाळवीच्या स्वाधीन होतो. दिवे, पाणी, वृद्धांसाठीं चढ, हें सर्व हवेंच. पण तें असें बसवावें कीं उद्यां काढलें तरी मूळ अंगास जखम राहूं नये.

खरा अपराध निराळाच आहे. चुन्याच्या दरजा खरवडून त्यांत सिमेंट भरतात. चुना ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती कोंडतें. मग ओल विटेंतून वा दगडांतून वाट काढते, क्षार पृष्ठावर जमतात आणि पापुद्रे सुटूं लागतात. कोरीव दगडावर तैलरंग फांसतात, त्यानें टांकीच्या खुणा बुजतात. जुन्या फरशीवर नवी फरशी घालतात, त्यानें जोतें व खांबांच्या बैठका गाडल्या जातात. हे फेरफार भुलेश्वराच्या विटेप्रमाणें आपली तिथि सांगत नाहींत. उलट दुसऱ्याची तिथि पुसून टाकतात.

हा विचार नवा नाहीं. जॉन मार्शल यांच्या १९२३ च्या नियमपुस्तकांत नूतनीकरणापेक्षां रक्षणावर भर आहे. १९६४ च्या व्हेनिस येथील सनदेनें सर्व काळांच्या योग्य भरींचा आदर करावा, नवें काम ओळखूं यावें व प्रत्येक कामाची नोंद ठेवावी, असें सांगितलें. आपल्याकडे १९५८ चा केंद्राचा व १९६० चा महाराष्ट्राचा कायदा आहे. परंतु कायद्याचें कवच यादींतील स्मारकांस मिळतें. वरवंडासारख्या गांवीं एखादी चावडी, वेस, धर्मशाळा वा बारव यादीबाहेर असेल, तर तिचें भवितव्य ग्रामस्थांच्या विवेकावर व ठेकेदाराच्या मर्जीवर राहतें.

तेव्हां आमची सूचना अशी. अशा वास्तूस हात लावण्यापूर्वीं तिचा मोजणीचा नकाशा व सर्व बाजूंचीं छायाचित्रें घ्यावीं. काढलेल्या लांकडाचे, विटेचे व चुन्याचे नमुने ठेवावे. नव्या कामावर साल कोरावें. आणि या टिपणाची एक प्रत ग्रामपंचायतींत व एक संशोधन संस्थेंत असावी. यास खर्च थोडा, चिकाटी मात्र पुष्कळ लागते. पत्राची नक्कल घेतली असली तर मूळ हरवल्यावरही मजकूर वांचतो. पाडलेल्या भिंतीची नक्कल मागाहून घेतां येत नाहीं.