खग्रासातली बासरी

ट्रान्स संगीत म्हटलं की डोळ्यांसमोर येतो गोव्यातला हणजूण-वागातोरचा किनारा, उजाडेपर्यंत चाललेली पार्टी आणि मिनिटाला एकशे चाळीस-पन्नास ठोक्यांचा न थांबणारा दणदणाट. त्यात खोटं काही नाही. पण त्याच गोवा ट्रान्सच्या मुशीतून निघालेल्या दोघांनी १९९८ मध्ये एक अल्बम काढला, जो पायांपेक्षा कानांसाठी केलेला आहे. जोडीचं नाव श्पाँगल, अल्बम 'आर यू श्पाँगल्ड?', लेबल ट्विस्टेड रेकॉर्ड्स. सात रचना, तासाभराहून जास्त वेळ, आणि पहिलाच प्रयत्न असूनही नवखेपणाचा मागमूस नाही.

नवखेपणा असणार तरी कसा? सायमन पॉसफर्ड इंग्लंडचा. १९९५ मध्ये 'हॅल्युसिनोजेन' या नावाने 'ट्विस्टेड' हा अल्बम काढून त्याने गोवा ट्रान्समध्ये आधीच दबदबा निर्माण केला होता. दुसरा राजा राम, त्याच्याहून जवळजवळ तीस वर्षांनी मोठा. हा मूळचा मेलबर्नचा रॉन रॉथफील्ड. १९६९ च्या सुमारास लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये 'क्विंटेसन्स' नावाचा बँड होता. त्यातली मंडळी स्वामी अंबिकानंदांच्या नादी लागलेली, आणि राजा राम हे नाव तिथलंच. त्या बँडमध्ये तो बासरी वाजवायचा. पुढे १९९४ मध्ये 'टिप रेकॉर्ड्स' उभी करण्यातही त्याचा हात होता. म्हणजे हिप्पी जमान्यातला श्वास आणि नव्वदीतला संगणक इथे एका खोलीत बसले. कल्पना आणि बासरी राजा रामची. सिंथेसायझर, ध्वनीची कापाकापी आणि जुळवाजुळव पॉसफर्डची.

गोव्यातल्या पार्ट्यांत डीजे बराच काळ डॅट, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेपवर वाजवत. टेपचा वेग कमीजास्त करून दोन रचनांचे ठोके जुळवण्याची सोय त्यात नव्हती. म्हणून ट्रान्सच्या रचनांना लांबलचक सुरुवात आणि लांबलचक शेवट असे. एक ओसरतेय तोवर दुसरी वर येते. मला तर वाटतं, श्पाँगलने सोयीपोटी आलेला हा ऐसपैसपणाच उचलला आणि त्याला रचनेचा गाभा केला. छातीवर आदळणारा ठोका मागे सारला, वेग उतरवला, पण थरावर थर चढवत नेण्याची ट्रान्सची रीत मात्र सोडली नाही.

'व्हेपर रूमर्स' ऐकताना हे नीट कळतं. ही या जोडीची पहिली प्रसिद्ध रचना. १९९६ मध्ये टिपच्या एका संकलनात ती आली होती. इथे बासरीच्या एखाद्या ओळीचा शेवटचा सूर पकडून बसा. तो संपत नाही. प्रतिध्वनी त्याला उचलतो, डावीकडून उजवीकडे नेतो, प्रत्येक फेरीत त्याचा थोडा थोडा लखलखाट काढून घेतो, आणि काही क्षणांत आपण ऐकतोय ती माणसाची फुंकर की यंत्राचा सूर, हे सांगता येईनासं होतं. नेमक्या त्याच जागी नवी फुंकर येते, ओली आणि खरखरीत. या अल्बमचा सगळा रस मला या सीमारेषेवर सापडतो.

आपल्या कानाला इथे आलापाची चाहूल लागते. फसू नये. रागाची शिस्त इथे नाही आणि तिचा दावाही नाही. बासरीसुद्धा आपली बांबूची नव्हे, पाश्चात्त्य धातूची, कळांची. बोटं भोकांवरून सरकवून निघणारी मींड तिच्यात शोधू नये. राजा रामचं वादन जॅझच्या वळणाचं आहे, तुटक ओळींचं. त्याची सारी ताकद श्वासात. हे भारतीय फ्यूजन आहे असं समजून ऐकणारा निराश होईल. स्टुडिओत कात्री चालवून घडवलेलं संगीत म्हणून ऐकलं तर हातात बरंच काही लागतं.

मधला प्रवास सारखा नाही. 'मॉन्स्टर हिट' जरा ताणलेली वाटते, आणि 'श्पाँगल स्पोअर्स' दोनदा ऐकूनही फारशी मनात राहिली नाही. 'डिव्हाइन मोमेंट्स ऑफ ट्रुथ' मात्र ऐन रंगात आहे, जरी शीर्षकाची आद्याक्षरं जोडून डीएमटी या मादक द्रव्याचं नाव साधण्याचा खेळ मला पोरकट वाटतो. कुठल्या कुठल्या मुलखांतले आवाज चिमूटभर मसाल्यासारखे भुरभुरण्याची खोडही या जोडीला आहे. कधी ते शोभतं, कधी उगाच.

हे सगळं शेवटची रचना भरून काढते. 'अँड द डे टर्न्ड टू नाइट', जवळपास वीस मिनिटांची. दोघांनी भारतात पाहिलेलं खग्रास सूर्यग्रहण हा तिचा उगम. निसर्गातली खग्रास स्थिती कधीच साडेसात मिनिटांपलीकडे जात नाही. बहुतेक वेळा दोन-चार मिनिटांतच आटोपते. इतक्या थोड्या वेळाच्या घटनेला वीस मिनिटं देण्यात धाडस आहे. दुसऱ्या कोणी अंधार पडण्याच्या क्षणी ढोल बडवले असते. हे दोघे त्या क्षणाच्या आधीचा विचित्र उजेड रंगवत बसतात, ताल घाई न करता येतो, वाढतो आणि पुन्हा विरतो. तिथला संयम ज्याला एरवी एका रात्रीत हजार लोकांना नाचवता येतं त्यालाच परवडतो.

२००१ चा त्यांचा पुढचा अल्बम 'टेल्स ऑफ द इनएक्स्प्रेसिबल' अधिक रंगीत आणि चटकन आवडणारा आहे. तरी माझं मत या पहिल्यालाच. फोनच्या स्पीकरवर मात्र तो लावू नका. चांगले हेडफोन घ्या, पहिल्यापासून क्रमाने ऐका, आणि शेवटच्या वीस मिनिटांसाठी तरी दुसरं काही काम हाती धरू नका.