प्लॉट : जमीन, कट आणि कथानक

'प्लॉट' हा इंग्रजी शब्द मराठीने दोनदा घेतला. एकदा व्यवहारभाषेने तो जसाच्या तसा उचलला आणि जमिनीच्या मोजलेल्या तुकड्यासाठी वापरला. गावाच्या वेशीबाहेर 'एन.ए. प्लॉट विक्रीस' अशी पाटी दिसली की कोणालाही तिचा अर्थ विचारावा लागत नाही. दुसऱ्यांदा समीक्षेने तो अनुवाद करून घेतला आणि त्याच्या जागी 'कथानक' हा शब्द बसवला. या दोन स्वीकारांची एकमेकांशी कधी गाठ पडली नाही. इंग्रजी वाचकाच्या मनात मात्र हे दोन्ही अर्थ, आणि त्यांच्या जोडीला आणखी दोन, एकाच शब्दाच्या पोटात नांदतात. प्रश्न असा की, हा शेजार निव्वळ योगायोगाचा आहे की त्यातून काही विचार घडला आहे? आणि घडला असेल, तर आपण 'कथानक' लिहितो तेव्हा त्यातले किती आपल्या हाती लागते?

शब्दाचा इतिहास थोडक्यात असा. उत्तरकालीन प्राचीन इंग्रजीत 'प्लॉट' म्हणजे जमिनीचा लहानसा तुकडा. शब्दाचे मूळ अज्ञात आहे. सोळाव्या शतकात जमिनीचा नकाशा, इमारतीचा पायाआराखडा हा अर्थ त्याला चिकटला. या टप्प्यावर 'सपाट' या अर्थाच्या फ्रेंच शब्दाशी नाते सांगणारा 'प्लॅट' आणि हा 'प्लॉट' एकमेकांत मिसळून गेलेले दिसतात. इंग्लंडात हा काळ भूमापनाचा होता. जमीनदारांनी मोजणीदार नेमले, शेतांच्या सीमा कागदावर आल्या. जॉन नॉर्डनने १६०७ मध्ये मोजणीदाराच्या व्यवसायावर संवादरूपाने एक पुस्तक लिहिले. त्यातला शेतकरी मोजणीकडे संशयानेच पाहतो, कारण मोजणीमागून खंडवाढ येणार हे त्याला कळते. म्हणजे ज्याला 'प्लॉट' काढता येतो त्याच्या मनात काही डाव असणार, ही शंका शब्दार्थांच्या सरमिसळीतूनच नव्हे, तर अनुभवातूनही येत होती. आपल्याकडेही १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या इंदापूर तालुक्यातील मोजणीपासून 'सर्व्हे नंबर' हा शब्द खेडोपाडी रुजला. पण त्याचा गोष्ट सांगण्याशी कधी संबंध आला नाही.

इंग्रजीत तो संबंध रंगभूमीने जुळवला. एलिझाबेथकालीन नाटकमंडळ्यांचे काही 'प्लॉट' आजही उपलब्ध आहेत. 'सेव्हन डेडली सिन्स' या नाटकाच्या दुसऱ्या भागाचा प्लॉट डल्विच कॉलेजच्या संग्रहात आहे. ही वस्तू कशी होती हे पाहण्यासारखे आहे. एक मोठा कागद पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खुंटीला अडकवता यावा म्हणून वर भोक पाडलेले, आणि कागदावर रेघा मारून चौकटी आखलेल्या. प्रत्येक चौकटीत त्या त्या प्रवेशात कोणकोणते पात्र, कोणती वस्तू घेऊन रंगमंचावर येते याची नोंद. पात्रे तेथे का येतात, याविषयी बहुधा अवाक्षर नाही. आज आपण ज्याला कथानकाचा प्राण मानतो तो कार्यकारणभाव या कागदावर शोधूनही सापडत नाही; सापडते ती वाटून दिलेली जागा. चौकटींत विभागलेला तो कागद शेताच्या नकाशासारखाच दिसतो.

याच सुमारास नाटककाराच्या आगाऊ आराखड्यालाही 'प्लॉट' म्हणू लागले. फिलिप हेन्स्लो या नाट्यव्यावसायिकाच्या हिशेबवहीत डिसेंबर १५९७ मध्ये बेन जॉन्सनला वीस शिलिंग दिल्याची नोंद आहे. जॉन्सनने मंडळीला नाटकाचा प्लॉट दाखवला होता, नाटक अजून लिहायचे होते. पुढच्या वर्षी जॉन्सनच्याच प्लॉटवर चॅपमन अंक लिहीत असल्याचे त्याच वहीतून कळते. तेव्हा प्लॉट ही विकता येणारी, एकाने आखावी आणि दुसऱ्याने भरावी अशी चीज होती. १५९८ मध्ये फ्रान्सिस मेरेसने अँथनी मंडे या नाटककाराची वाखाणणी केली ती उत्तम 'प्लॉटर' म्हणून.

'कट' हा अर्थही याच शतकाच्या उत्तरार्धातला. कोशकारांच्या मते 'कॉम्प्लॉट' या फ्रेंचमधून आलेल्या शब्दाच्या ध्वनिसाम्यामुळे तो जुन्या 'प्लॉट'मध्ये शिरला असावा. १६०५ च्या दारूगोळ्याच्या कटाने आणि १६७८ च्या तथाकथित पोपपंथी कटाने तो घरोघरी पोचवला. यातला दुसरा कट तर मुळातच बनावट होता. टायटस ओट्सने रचलेल्या त्या गोष्टीपायी अनेकांना फाशी झाली, आणि कटाची गोष्ट व गोष्टीचा कट यांतली सीमारेषा इंग्रजी समाजाने आपल्या डोळ्यांदेखत पुसली जाताना पाहिली. डॉ. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात नाटकाचा प्लॉट म्हणजे कौशल्याने गुंतवलेली आणि अखेरीस अनपेक्षित उपायाने सोडवलेली गोष्ट, अशा आशयाची व्याख्या आहे. तिच्यातून कटाचा वास अजून गेलेला नाही.

पीटर ब्रुक्स यांनी १९८४ च्या 'रीडिंग फॉर द प्लॉट' या ग्रंथात एका अमेरिकन कोशातले हे चार अर्थ समोर ठेवले आणि त्यांच्यात काही भूमिगत तर्कसंगती असावी असे सुचवले. 'कॉम्प्लॉट'चा हस्तक्षेप त्यांना ठाऊक आहे. तरीही ते अर्थांना एकत्र बांधतात. यावर आक्षेप घेणे सोपे आहे. ध्वनिसाम्याच्या अपघातावर कथनसिद्धान्त उभारावा काय? तसे केले तर प्रत्येक भाषेतल्या श्लेषातून एकेक सिद्धान्त निघेल. विल्यम एम्प्सन यांनी 'द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्‌स' (१९५१) मध्ये दाखवलेली वाट येथे उपयोगी पडते. शब्दाचे अर्थ कोठून आले हे तेथे गौण ठरते. एका वापरात दोन अर्थ एकत्र जागे होतात तेव्हा शब्द गुपचूप एक विधान करून जातो, आणि बोलणाऱ्याच्या नकळत ते मान्य होऊन बसते. 'प्लॉट' हा शब्द असे विधान करतो : गोष्ट ही कोणीतरी आखलेली असते, आणि आखणारा आपला बेत लपवून ठेवतो.

माझ्या मते यातला गुप्ततेचा भाग अपघाती नाही, आणि त्याचा पुरावा इंग्रजीबाहेर आहे. फ्रेंचमध्ये कथानकाला 'अँत्रिग' म्हणतात आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ कारस्थान असा आहे. त्याचे लॅटिन मूळ गुंतवण्याचे. जमिनीशी त्याचा संबंध नाही. दोन भाषा वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी येतात तेव्हा ध्वनिसाम्याचे कारण अपुरे पडते. जमिनीच्या अर्थाविषयी मात्र ब्रुक्स यांच्याइतका विश्वास मला वाटत नाही. तो इंग्रजीचा खास वारसा आहे. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) मध्ये लाँगबर्नची मिळकत मुलींना न मिळता दूरच्या पुरुष नातलगाकडे जाणार, या तरतुदीवरच गोष्ट उभी आहे. तेथे हा श्लेष सार्थ वाटतो; सर्वच कथनांना तो लागू करणे ओढाताणीचे होईल.

आपल्या परंपरेकडे वळताना तिची रूपके वेगळी आहेत हे प्रथम नोंदवले पाहिजे. अ‍ॅरिस्टॉटलने 'मिथॉस'ला शोकात्मिकेचा आत्मा म्हटले, तर भरताने इतिवृत्ताला नाट्याचे शरीर म्हटले. या शरीराच्या वाढीचे वर्णन 'बीज' या संज्ञेने सुरू होते. तेथे मोजलेली जमीन नाही, पेरलेले बी आहे. पुढे फडके-युगातील तंत्रचर्चेत 'निरगाठ' आणि 'उकल' हे शब्द रूढ झाले. त्यांचे नाते अ‍ॅरिस्टॉटलच्या बांधण्या-सोडवण्याच्या संज्ञांशी आहे. गाठ मारणारा आहे, पण तो कट करणारा नाही. 'कट' हा शब्द मराठीत राजकारणाकडे आणि पोलिसांकडे राहिला, साहित्यशास्त्राच्या उंबऱ्याच्या आत आला नाही.

याचा परिणाम वर्गात दिसतो. ई. एम. फॉर्स्टर यांचा राजा-राणीचा दाखला पदव्युत्तर विद्यार्थ्याला तोंडपाठ असतो : राजा मेला आणि मग राणी मेली ही कथा, राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली हे कथानक. पण फॉर्स्टर येथे थांबलेले नाहीत. त्यांचे तिसरे उदाहरणही आहे. राणी मेली, कशाने ते कोणाला कळेना, आणि मागाहून उलगडले की राजाच्या मृत्यूच्या दुःखाने. रहस्याला वाव देणारे आणि वाचकाच्या स्मरणशक्तीची कसोटी पाहणारे हे रूप फॉर्स्टर यांना अधिक वरच्या दर्जाचे वाटते. मी पाहिलेल्या बहुतेक वर्गटिपणांतून हे तिसरे वाक्य गळालेले असते. त्याचा सगळा दोष आळसाला देता येणार नाही. 'प्लॉट' शब्दात दडवणे आधीच असल्यामुळे इंग्रजी वाचकाला ते वाक्य स्वाभाविक वाटते. 'कथानक' शब्दात त्याला टेकायला जागाच नाही.

मुळात 'कथानक' हा या कामासाठी घडवलेला शब्द नव्हे. संस्कृतात त्याचा अर्थ लहानशी कथा असा आहे. कथेच्या रचनेचा निर्देश त्यात नाही, कथेच्या एका आखूड प्रकाराचा आहे. साहजिकच 'कथा आणि कथानक यांतील भेद स्पष्ट करा' या प्रश्नात विद्यार्थ्याला एकाच धातूची दोन रूपे दिसतात आणि भेद पाठ करावा लागतो. नाट्यसमीक्षेत वावरणारा 'संविधानक' हा शब्द कितीतरी नेमका होता; मांडणी, योजना त्याच्या उच्चारातच आहे. पण 'संविधान' राज्यशास्त्राने घेतले. 'घटना' या शब्दाचीही तीच गत झाली. इंग्रजीत गोष्टीचा शब्द कारस्थान्यांशी वाटून घ्यावा लागला, आपल्याकडे तो घटनाकारांशी. कोणती सोबत अधिक सभ्य हे सांगायला नको. साहित्यविचाराला मात्र पहिलीच अधिक फळली.

या शब्दनिवडीची किंमत मराठी समीक्षेने मोजली आहे असे मला वाटते. १९४५ च्या आगेमागे नवकथेचा उदय झाल्यानंतर कथानकाविषयीची नापसंती हा आधुनिकतेचा जणू दाखलाच ठरला. कथानक नाकारले म्हणजे नेमके काय नाकारले, याचा तपास पुरेसा झाला नाही. गाडगीळ-गोखले यांनी नाकारली ती गाठ मारून ती ठरल्या वेळी सोडवणाऱ्या लेखकाची आगाऊ योजना. ती खरोखर 'प्लॉट'विरुद्धची तक्रार होती. लेखकाच्या छुप्या बेताविषयीचा तो संशय होता. 'कथानक' या शब्दाने तिला गोष्टीविरुद्धच्या तक्रारीचे रूप दिले.

'कोसला'च्या (१९६३) बाबतीत हा घोटाळा सर्वांत ठळक होतो. तिला 'कथानक नसलेली कादंबरी' म्हणण्याची पद्धत आहे. पांडुरंग सांगवीकरच्या निवेदनात संविधानक नाही हे खरे. कोणी काही आखलेले नाही, काही दडवून मागाहून उलगडायचे नाही. पण शब्दाचा मूळ अर्थ घेतला तर 'कोसला' कथानकांनी खच्चून भरलेली आहे : वसतिगृहातले किस्से, गावाकडच्या आठवणी, रोजनिशीतले तुकडे, प्रत्येक आपल्यापुरते पुरे असणारे आणि पुढच्याला जबाबदार नसणारे. तिला कथानकशून्य ठरवणारी समीक्षा इंग्रजी संज्ञेच्या मापाने मोजत होती, आणि मापावर नाव मात्र मराठी घातले होते.