पाच पात्रं, एक माणूस: मोजायचं कुणाला?

पहिल्या वर्षाच्या प्रगती सादरीकरणात मी एक स्लाइड मोठ्या हौसेने लावली होती. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधले पाच शामन एका रांगेत धावतायत, एकाच क्षणी वळतायत, एकाच क्षणी एकाच राक्षसावर वीज फेकतायत. खाली मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'समूहातील समन्वय आणि सहकार्य'. मॅडमनी शांतपणे विचारलं, "यात माणसं किती आहेत?" मी म्हटलं, पाच. मागच्या बाकावरून एक ज्युनिअर हळूच म्हणाला, "दादा, एकच आहे. मल्टिबॉक्सर आहे तो."

खोली हसली. मीही हसलो, पण त्या एका वाक्याने माझ्या निरीक्षणांची अख्खी वही संशयित झाली होती. ज्याला मी समूह समजत होतो, तो एक माणूस होता, एक कीबोर्ड होता आणि महिन्याला भरलेली पाच वर्गण्या होत्या. कॉलेजात एकच पोरगा पाच जणांच्या नावाने 'येस सर' म्हणतो आणि हजेरीपटावर पाच जण हजर दिसतात, तसाच प्रकार. फक्त इथे हजेरी घेणारा मी होतो.

पेट किंवा नेटच्या तयारीत 'विश्लेषणाचं एकक' ही व्याख्या तुम्ही पाठ केली असेल. मीही केली होती. ती कळली मात्र त्या दिवशी. म्हणून आज या पाच शामनांना हाताशी धरून दोन नावाजलेल्या अभ्यासांकडे टीकेच्या नजरेने बघू या.

आधी यंत्रणा. मॅक्रो म्हणजे काय, तर एका कळीवर बांधलेली आज्ञांची साखळी. वॉरक्राफ्टमध्ये मॅक्रो लिहिण्याची सोय गेमनेच दिलेली आहे, मर्यादा 255 अक्षरांची. पण त्यात एक खुंटी मारून ठेवलेली आहे. मंत्र टाकला की साधारण दीड सेकंद पुढचा मंत्र टाकता येत नाही, आणि एका दाबण्यात असा एकच मंत्र सुटतो. साखळीत चार मंत्र लिहिले तरी चार वेळा कळ दाबावीच लागते. निर्णयसुद्धा मॅक्रोने घ्यायचा नाही. सुरुवातीच्या काळात 'डिकर्सिव्ह' नावाचं अ‍ॅडऑन होतं. कुणावर शाप पडलाय ते शोधून, लक्ष्य निवडून, उतारा टाकण्याचं काम तेच करायचं. खेळाडूने फक्त बटण दाबत राहायचं. डिसेंबर 2006 च्या 2.0 पॅचने ती वाट बंद केली. म्हणजे कंपनीच्या मनात एक तत्त्व होतं: एक दाबणं, एक कृती, आणि निवड माणसाची.

मल्टिबॉक्सिंगने हे तत्त्व मोडलं नाही. गंमत इथेच आहे. एका माणसाची पाच खाती, पाच खिडक्या. मागच्या चौघांच्या मॅक्रोत लिहिलेलं असतं की पुढच्याच्या मागे चाला आणि तो ज्याला मारतोय त्यालाच मारा. मग आयएसबॉक्सरसारखं सॉफ्टवेअर एक कळ पाचही खिडक्यांना पोचवतं. प्रत्येक खिडकीपुरतं बघाल तर एक दाबणं, एक कृती. खुर्चीत बसलेल्या माणसाकडे बघाल तर एक दाबणं, पाच कृती. नियम कुठेच तुटलेला नाही, कारण नियमात 'एक' कुणाचं ते लिहिलेलंच नव्हतं.

आता पहिला अभ्यास. 2006 च्या सीएचआय परिषदेतला 'अलोन टुगेदर?' हा निबंध. लेखक निकोलस डुशेनो, निक यी, एरिक निकेल आणि रॉबर्ट मूर; यी तेव्हा स्टॅनफर्ड विद्यापीठात, बाकी तिघे पार्क या संशोधन संस्थेत. ऑनलाइन गेम म्हणजे सामाजिक जग, लोक इथे एकत्र येऊन खेळतात, असं त्या वेळी सगळेच गृहीत धरत. या चौघांनी ते मोजून बघितलं. वॉरक्राफ्टच्या सर्व्हरवर पात्रं उभी केली, आणि 'सध्या कोण कोण आहे' हे विचारणारी गेममधलीच आज्ञा ठरावीक मिनिटांनी आपोआप चालवली. ती आज्ञा एका वेळी मोजकीच नावं दाखवते, म्हणून प्रश्नाचे तुकडे पाडून पुन्हा पुन्हा विचारलं. पात्राची पातळी, वर्ग, ठिकाण, गिल्ड, गटात आहे की एकटं, असं सगळं नोंदवलं. अशी 1 लाखाहून जास्त पात्रं जमली. निष्कर्ष: लोक बराच वेळ एकटेच खेळतात. आजूबाजूला माणसं असतात, पण ती सोबती म्हणून नाही. प्रेक्षक म्हणून, तमाशा म्हणून, गर्दीची ऊब म्हणून असतात.

(जाता जाता: स्वयंचलित पात्रं उभी करून कुणी कसं खेळतं ते मोजणं ही पद्धत स्वतःच मॅक्रोच्या भाऊबंदांतली. नैतिकतेच्या प्रकरणात यावर कुणीतरी दोन पानं लिहावीत.)

माझी पहिली प्रतिक्रिया मूर्खपणाची होती. मी मार्जिनमध्ये लिहिलं, 'मल्टिबॉक्सिंगचा विचार नाही, म्हणून निष्कर्ष अवैध'. संशोधनाला नव्याने लागलेल्या सगळ्यांना हा आजार होतो. एक उणीव सापडली की अख्खा पेपर पाडायचा. मॅडमनी ते वाचून एवढंच विचारलं, "चूक झाली असेल तर ती कुठल्या दिशेने?"

या प्रश्नाने मला दोन दिवस झोपू दिलं नाही. बघा ना. हा अभ्यास पात्रं मोजतो, माणसं नाही. एका माणसाचे पाच शामन एकत्र फिरत असतील तर नोंदवहीत पाच 'गटात असलेली' पात्रं जमा होतात, खरं तर एकटा माणूस खेळतोय. म्हणजे मल्टिबॉक्सिंगमुळे गटात खेळण्याचं प्रमाण असेल त्यापेक्षा जास्त दिसेल. आणि यांचा दावा काय होता? की लोक गटात कमी खेळतात. मग चूक दुरुस्त केली तर त्यांचा दावा पडत नाही, उलट थोडा मजबूतच होतो. माझी स्लाइड मात्र सहकार्य सिद्ध करायला निघाली होती, त्यामुळे तीच उणीव माझ्याकडे जीवघेणी ठरली. दोघांचा दोष एक, नुकसान वेगवेगळं. मल्टिबॉक्सर एकूण गर्दीत थोडेच असतात, त्यामुळे आकडे फार हलणारही नाहीत. हे कबूल करून मी मार्जिनमधलं वाक्य खोडलं.

पण माझी एक तक्रार अजून शिल्लक आहे. 'प्रेक्षक' ही त्यांची सगळ्यात सुंदर कल्पना, आणि तिथेच पात्र आणि माणूस यांतला फरक महत्त्वाचा होता. रस्त्याने पाच शामन एका तालात चालत गेले की लोक थांबून बघतात. कुणी टाळ्या वाजवतं, कुणी शिव्या घालतं. त्या घडीला तिथे माणसं किती, यापेक्षा बघणाऱ्याला किती वाटली हे मोलाचं असतं. कळसूत्री बाहुल्यांच्या खेळात बाहुल्या मोजून प्रेक्षकाचा अनुभव कळत नाही, आणि सूत्रधार मोजूनही कळत नाही. सर्व्हरच्या नोंदी इथे मुक्या आहेत. निबंध मात्र नोंदींवरून थेट अनुभवावर उडी मारतो, आणि ती उडी मला आजही पटलेली नाही.

दुसरा अभ्यास मिया कॉन्साल्व्हो यांचं 'चीटिंग' हे 2007 चं पुस्तक. या विषयात शिरायचं तर हे वाचल्यावाचून सुटका नाही. फसवणूक ही वस्तू नसून वाटाघाट आहे, असं त्या म्हणतात, आणि खेळाडूंच्या बोलण्यातून तीन भूमिका वेगळ्या काढतात. काहींच्या मते स्वतःच्या बळाशिवाय घेतलेली कुठलीही मदत म्हणजे फसवणूक. काही जण गेमच्या कोडशी छेडछाड झाली तरच तसं म्हणतात. आणि काहींच्या मते फसवायला समोर दुसरा माणूस लागतो. यंत्राला कोण फसवणार?

तिसरी भूमिका मला सगळ्यात कामाची वाटते. म्हणून तीच ताणून बघू. मल्टिबॉक्सर नक्की कुणाला फसवतो? स्वतःच्याच पाच पात्रांना घेऊन गुहेत शिरला तर कुणालाच नाही. खेळाडूविरुद्ध खेळाडू अशा रणांगणात मात्र पाच विजा एकाच क्षणी एकाच माणसावर पडतात. पाच खरे मित्र हेडफोन लावून 'तीन, दोन, एक' म्हणत असले तरी त्यांचे हात पुढेमागे होणारच. तिथे बळी समोर उभा असतो आणि ओरडतोही.

तिसरी जागा बाजाराची, आणि इथे पुस्तक मला अपुरं पडलं. 2016 च्या लीजन विस्तारापासून वॉरक्राफ्टमध्ये एकच वनस्पती अनेक खेळाडूंना खुडता येऊ लागली. आधी पहिला आला त्याचीच असायची. हेतू चांगला होता, भांडणं मिटली. पण त्याच बदलामुळे पाच ड्रुइड घेऊन उडणाऱ्याला एका झुडपाचे पाच वाटे मिळू लागले. ते लिलावघरात ओतले की भाव उतरतो. तासभर एकट्याने पाला गोळा करून चार नाणी कमावणाऱ्याला आपलं नुकसान कुणी केलं ते कळतच नाही, त्याला फक्त उतरलेला भाव दिसतो. आता सांगा, मुलाखतीत तो 'मला फसवलं' असं कशाला म्हणेल? कॉन्साल्व्होंनी फायनल फँटसी इलेव्हनमध्ये स्वतः क्षेत्रकार्य केलं आहे, बाजार त्यांना अपरिचित नाही. तरीही त्यांच्या तीन भूमिका बोलणाऱ्यांच्या आहेत. ज्याला आपण बळी आहोत हेच ठाऊक नाही, त्याची भूमिका चौथी, आणि ती मुलाखतीच्या जाळ्यात सापडत नाही. शिवाय इथे दोष कुणाचा? पाच खाती चालवणाऱ्याचा, की झुडूप पाचांना वाटणाऱ्या रचनेचा?

वाटाघाट या शब्दावरही माझा आक्षेप आहे. वाटाघाटीत दोन्ही बाजूंचं वजन थोडंफार सारखं असावं लागतं. ईव्ह ऑनलाइनच्या सीसीपी कंपनीने 1 जानेवारी 2015 पासून एक कळ अनेक खिडक्यांना पाठवण्यावर बंदी घातली. अनेक खाती ठेवायला मात्र मुभा राहिली. ब्लिझर्डने वॉरक्राफ्टमध्ये वर्षानुवर्षं चालू दिलेला हाच प्रकार नोव्हेंबर 2020 मध्ये बंद केला, तिथेही अनेक खात्यांना बंदी नाही. म्हणजे ऑक्टोबरात जे कौशल्य होतं ते डिसेंबरात गुन्हा झालं, हात तेच आणि कळही तीच. खेळाडू वाद घालत होते हे खरं, पण निर्णयाची तारीख कंपनीने ठरवली. पाच खात्यांच्या वर्गण्या कंपनीच्याच तिजोरीत जात होत्या, हेही नोंदवून ठेवा. त्यावरून हेतू सिद्ध होत नाही, पण हितसंबंध लिहायला काय हरकत आहे?

कंपनीचा नियम म्हणजे कायदा नव्हे, हेही लगेच सांगतो, कारण सिनॉप्सिसमध्ये मी हा घोळ घातला होता. ग्लायडर नावाचा बॉट माणूस खुर्चीत नसतानाही पात्र खेळवत ठेवायचा. त्याच्या निर्मात्याविरुद्धच्या खटल्यात अमेरिकेच्या नवव्या सर्किट न्यायालयाने डिसेंबर 2010 मध्ये सांगितलं की बॉटबंदीचा करार मोडणं म्हणजे आपोआप कॉपीराइटचा भंग नव्हे. पण गेमच्या पहारेकरी प्रणालीला चकवणारं साधन विकण्याबद्दल ग्लायडर अडकला. बॉटमध्ये माणूस गैरहजर असतो. मल्टिबॉक्सिंगमध्ये तो हजर असतो, नको तितका हजर. दोन्हींना 'स्वयंचलन' या एकाच रकान्यात टाकणारे पेपर दिसले की मी आता सावध होतो.

माझ्या नव्या आराखड्यात तीन रकाने आहेत: खातं, पात्र आणि हात. पहिले दोन पडद्यावरून बऱ्यापैकी भरता येतात. तिसरा विचारल्याशिवाय भरता येत नाही, म्हणून आता प्रत्येक निरीक्षणानंतर मुलाखत घेतो. गेल्या महिन्यात एका खेळाडूशी बोललो. अपघातानंतर त्याचा डावा हात चालत नाही. तो दोन कळींवर सगळा खेळ बांधून खेळतो, आणि माझ्या जुन्या कोडिंग तक्त्यानुसार तो थेट 'संशयित स्वयंचलन' मध्ये गेला असता. 2025 मध्ये ब्लिझर्डनेच एका बटणावर पुढचा योग्य मंत्र टाकणारी सोय गेममध्ये आणली, थोडा वेळेचा दंड लावून. ज्या 'निवड माणसाची' या तत्त्वासाठी डिकर्सिव्ह मोडलं, त्यातली निवड आता कंपनी स्वतः करून देते. त्या खेळाडूला याबद्दल विचारलं तर तो म्हणाला, "बटण त्यांचं असलं की चालतं, माझं असलं की रिपोर्ट."

त्याच्या ओळीत 'हात' या रकान्यापुढे काय लिहायचं, ते अजून ठरलेलं नाही. एक लिहिलं तर मॅक्रो पुसला जातो, मॅक्रो लिहिला तर तो माणूस पुन्हा संशयितांच्या रांगेत उभा राहतो. येत्या गुरुवारी मॅडमना तक्ता दाखवायचाय, आणि तो चौकोन रिकामा ठेवूनच मी जाणार आहे.