इस्सरियवोस्सग्ग : विवाहप्रतिज्ञेतील एका शब्दाची चिकित्सा

मंचर येथे एका धम्मबांधवाच्या कन्येच्या मंगल परिणयास उपस्थित राहण्याचा योग आला. त्रिशरण-पंचशील झाले आणि बौद्धाचार्यांनी वराकडून पाच प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. चौथ्या प्रतिज्ञेत पत्नीला ऐश्वर्य देऊन संतुष्ट ठेवण्याचे वचन होते. मंडपात कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. पालीच्या अभ्यासकास मात्र तो शब्द खटकल्याशिवाय राहत नाही. विवाह हा दोन समान पक्षांमधील करार आहे, की एकाने दुसऱ्यावर केलेली मेहेरबानी, याचा निर्णय या एका शब्दावर अवलंबून आहे. म्हणून त्याची चिकित्सा करणे अगत्याचे वाटते.

कोणत्याही करारात पहिला प्रश्न असतो तो पक्षकार कोण हा. ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या मराठी भाषांतरामुळे ‘जुना करार’ व ‘नवा करार’ हे शब्द आपल्या परिचयाचे आहेत. तेथे एका बाजूस ईश्वर आणि दुसऱ्या बाजूस त्याचे लोक असतात. कन्यादानाच्या विधीत देणारा पिता असतो व घेणारा वर. कन्या ही दानाची वस्तू ठरते, पक्षकार नव्हे. बुद्धधम्मात ईश्वराशी करार नाही. पंचशील घेताना उपासक ‘समादियामि’ म्हणतो, म्हणजे ‘मी अंगीकारतो’. क्रियापद प्रथमपुरुषी आहे, आणि शील ही कोणाची आज्ञा नसून सिक्खापद, म्हणजे शिक्षणाचा नियम आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या मराठीतून. प्रतिज्ञा घेणाऱ्याला ती समजली पाहिजे, हा धडा त्यातून आपण घ्यावयास हवा.

आता मूळ सुत्ताकडे वळू. आपल्या विवाहप्रतिज्ञांचा आधार दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त हा आहे. सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगाल नामक गृहपतिपुत्राला भगवान बुद्धांनी दिशांचा नवा अर्थ सांगितला. त्यात पश्चिम दिशा म्हणजे पत्नी. पतीने तिच्याशी पाच प्रकारे वागावे : सन्मान करावा, अवमान करू नये, व्यभिचार करू नये, ‘इस्सरियवोस्सग्ग’ करावा आणि अलंकार द्यावेत. पत्नीचीही पाच कर्तव्ये सांगितली आहेत, आणि त्यांतही व्यभिचार न करणे आहेच. एकनिष्ठेची अट दोघांनाही सारखीच लागू करणारे हे वचन आजही मोलाचे आहे.

‘इस्सरिय’ म्हणजे ईश्वरभाव, स्वामित्व, अधिकार. ‘वोस्सग्ग’ म्हणजे सोडून देणे, हवाली करणे. सरळ अर्थ असा की, पतीने स्वतःकडील अधिकार पत्नीच्या हाती सोपवावा. संस्कृतातील ‘ऐश्वर्य’ हा शब्द याच मुळाचा. परंतु मराठीत त्याचा अर्थ वैभव, श्रीमंती असा झाला. भाषांतरकाराने ध्वनिसाम्य राखले आणि अर्थ हरवला. अधिकाराच्या जागी दागदागिने आले. वास्तविक अलंकारांचे कर्तव्य सुत्तात पाचवे व स्वतंत्र आहे. एकच गोष्ट दोनदा कशाला सांगितली असती?

दोष केवळ मराठी भाषांतराचा नाही. सुमंगलविलासिनी या अट्ठकथेत आचार्य बुद्धघोषांनी या शब्दाचा खुलासा स्वयंपाकघरापुरता केला आहे. पत्नीच्या हाती पळी दिली आणि भोजनगृह तिच्या स्वाधीन केले म्हणजे सारा अधिकार दिल्यासारखेच आहे, असा त्याचा आशय. मूळ सुत्तात मात्र पळीचा उल्लेख नाही आणि स्वयंपाकघराची मर्यादाही नाही. ती मर्यादा टीकाकाराच्या काळातील कुटुंबाने घातलेली आहे. अट्ठकथेचा आदर राखूनही बुद्धवचन आणि त्यावरील भाष्य यांतील अंतर आपण ओळखले पाहिजे.

करार कसा असावा, याचे नमुने आपल्याच परिसरात दगडावर कोरलेले आहेत. जुन्नरच्या लेण्यांत एका शक उपासकाच्या दानलेखात वीस आणि नऊ निवर्तने जमीन गावांच्या नावांसह नोंदलेली आहे. पुणे-नाशिक रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३,००० कार्षापणे विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवली : २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, केवळ व्याज भिक्खूंसाठी वापरावयाचे. हा करार निगमसभेत ऐकविला गेला आणि मग फलकावर नोंदला गेला, असे लेखच सांगतो. शब्द सर्वांनी ऐकावा आणि त्याचा जाब विचारता यावा, हे कराराचे मर्म आहे. त्याच लेण्यात उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिने स्वतःच्या नावाने दिलेल्या कोठडीचाही लेख आहे. पत्नी येथे स्वतः दाती आहे. इस्सरिय म्हणतात ते याला.

विवाहातील शब्द कोणी उच्चारावेत, हा वादही याच भूमीत लढला गेला. जुन्नर तालुक्यातील ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी ब्राह्मण पुरोहिताशिवाय सत्यशोधक विवाह लावले, तेव्हा जोशांनी हक्काच्या दक्षिणेसाठी दावा लावला. तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८९० च्या सुमारास पाटलांच्या बाजूने निकाल लागला. महात्मा फुल्यांनी १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पूजाविधीत वधू स्वमुखाने स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते आणि वर ते देण्याची शपथ घेतो. दोघेही बोलतात, दोघांनाही कळते.

आजचा कायदाही विधीकडे पाहतो. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि विवाह पक्षकारांच्या रूढ विधीने व्हावा, असे तो म्हणतो. विधीच झाला नसेल तर केवळ नोंदणीच्या दाखल्याने या कायद्याखालील विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे मंडपात काय घडले याला कायद्यात वजन आहे. तथापि चौथी प्रतिज्ञा मोडली म्हणून कोणी न्यायालयात जाऊ शकत नाही. ती पाळली गेली की नाही हे घरात दिसते, बँकेच्या पासबुकात दिसते, सातबाऱ्यावरील नावात दिसते. हिंदू कोड बिल रखडले हे १९५१ मध्ये बाबासाहेबांच्या राजीनाम्याचे एक प्रमुख कारण होते. स्त्रीचा संपत्तीतील अधिकार हा त्या विधेयकाचा गाभा होता, हे ऐश्वर्याची प्रतिज्ञा म्हणताना तरी आपण विसरू नये.

यास्तव बौद्धाचार्यांना नम्र सूचना आहे. चौथ्या प्रतिज्ञेत ‘ऐश्वर्य देऊन’ ऐवजी ‘घरातील व संपत्तीतील अधिकार पत्नीच्या हाती सोपवीन’ असे शब्द असावेत. वराने ते सावकाश म्हणावेत आणि वधूने ते ऐकल्याचे स्वमुखाने सांगावे. सुत्त सिगालाला सांगितले गेले तेव्हा त्याची पत्नी तेथे नव्हती. आपल्या मंडपात ती उपस्थित असते. तिच्या साक्षीने दिलेला शब्द तिला समजेल असाच दिला पाहिजे.

भवतु सब्ब मंगलं.