भागोजी नाइकाचें बंड व कोळी पलटण : गॅझेटियरांतील हकीकतीचें परीक्षण

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमालेंतील अहमदनगरचा भाग १८८४ सालीं प्रसिद्ध झाला. भागोजी नाइकाविषयीं लिहिणारे बहुतेक लेखक याच मालेवर विसंबतात. परंतु आधारग्रंथाची परीक्षा न करितां त्याचा केवळ अनुवाद करणें हें संशोधन नव्हे.

हकीकत थोडक्यांत अशी. भागोजी हा मूळचा नगरच्या पोलिसांतला. १८५५ सालीं त्यास शिक्षा झाली. सुटून आल्यावर १८५७ त त्यानें सुमारें पन्नास भिल्ल जमवून नांदूर शिंगोट्याजवळ ठाण दिलें. पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री हा उघड चालून गेला व ४ ऑक्टोबर रोजीं मारला गेला. त्याच्या मागून आलेल्या नटल यानें डोंगरी कोळ्यांची पलटण उभारली. ती पुढें सहाशेंपर्यंत वाढली. तंबू नाहींत, सामानसुमान नाहीं. प्रत्येक शिपाई आपलें ओझें आपल्या पाठीवर वाहून डोंगर तुडवी. ११ नोव्हेंबर १८५९ रोजीं सिन्नरकडील मिठसागरे येथें सूटर यानें भागोजीस गांठलें व तेथें तो पडला. मार्च १८६१ त पलटण मोडण्यांत आली.

तपशिलांत ग्रंथकार दक्ष आहे, हें मान्य केलेंच पाहिजे. वैगुण्य आहे तें विवेचनांत. एका अधिकाऱ्याच्या कल्पकतेनें फौज नवें युद्ध शिकली, असा वाचकाचा ग्रह होतो. त्यावर आमचे दोन आक्षेप आहेत.

पहिला : हा धडा नवा नव्हता. कौटिल्यानें षड्विध बलांत अटवीबल गणिलें असून वाट दाखविण्याच्या कामीं त्याचा उपयोग सांगितला आहे. तें दूरचें म्हणून सोडलें, तरी शेजारच्या खानदेशांत औट्रमनें १८२५ सालींच भिल्लांची पलटण उभी केली होती. बत्तीस वर्षांनीं नगरच्या अधिकाऱ्यास तोच धडा प्राण देऊन गिरवावा लागला. तेव्हां सरकार शिकलें कसें, याइतकेंच तें विसरलें कसें, हेंही विचारणें प्राप्त आहे.

दुसरा : शिकविणारे कोण? पलटणीचा मुख्य जावजी नाईक बामळा. आणि राघोजी भांगरा, ज्यास १८४८ सालीं ठाण्यास फांशीं दिलें, त्याचे आप्तही तींत अंमलदार नेमले गेले. एवढी गोष्ट ग्रंथकार एका वाक्यांत उरकतो. ज्या सरकारानें घरचा माणूस फांशीं दिला, त्याचीच चाकरी या मंडळींनीं कां पत्करली? पोटासाठीं, भिल्लांशीं वैर म्हणून, कीं घराण्यावरचा डाग पुसावा म्हणून? हा प्रश्न ग्रंथांत उपस्थितच होत नाहीं. फौजेनें डोंगर जाणला नाहीं. डोंगर जाणणारे चाकरीस ठेविले. पलटण मोडतांच ती विद्याही त्यांच्याबरोबर घरीं परतली.

उलट बाजूस, भागोजीस केवळ निर्दोष वीर ठरविणाऱ्या लेखकांनाही एक आठवण द्यावीशी वाटते. आमच्या राहात्याजवळचें, त्या वेळच्या कोपरगांव तालुक्यांतील कोऱ्हाळें त्याच्या लोकांनीं ऑक्टोबर १८५९ त लुटलें. लुटल्या गेलेल्या रयतेची बाजू ना सरकारी ग्रंथांत सांपडते, ना पोवाडेवजा चरित्रांत.

या उणीवा दप्तरांनींच भरून निघतील. आमचे संग्राहक पेशवाईचें एखादें पत्र जिवापाड जपतात आणि १८५७ नंतरचीं मोडी फर्दें 'अलीकडचीं' म्हणून रद्दींत टाकितात. अकोलें, संगमनेर, सिन्नर व राहाता या भागांतील पाटील-कुळकर्ण्यांच्या व कोळी नाइकांच्या घरांतून हजेरीपटाचें एक पान जरी हातीं आलें, तरी तें जपावें व त्याची नक्कल प्रसिद्ध करावी. तोंपर्यंत गॅझेटियर हा एका पक्षाचा साक्षीदार आहे, निवाडा नव्हे.