ध्येयाचा कागद आणि नियमाची वही

दशलक्षण पर्व झाल्यावर आमच्या महिला मंडळानं एक दिवसाचं शिबिर ठेवलं होतं. शिकवायला आलेल्या बाईंनी प्रत्येकीला एक कोरा कागद दिला आणि अर्ध्या तासात आपलं ‘पर्सनल मिशन स्टेटमेंट’ लिहा म्हणाल्या. म्हणजे आपण कशासाठी जगतोय, कसं जगायचंय, ते चार-सहा ओळींत. मग कागद मोठ्यानं वाचायला सुरुवात झाली. पाचवा कागद होईतो शेजारची अक्का माझ्या कानात म्हणाली, “एकमेकीचं बघून लिवल्यात की काय गं सगळ्या?” बघून कुणीच लिहिलं नव्हतं. तरी प्रत्येक कागदावर एकच बाई होती: प्रेमळ आई, समजूतदार सून, पतीला साथ देणारी, समाजाच्या उपयोगी पडणारी. माझ्या कागदावरही तीच.

हे मनाला लागलं. म्हणून सुनेच्या कपाटातलं मूळ पुस्तकच काढलं. स्टीफन कव्ही या अमेरिकन लेखकाचं ‘द सेव्हन हॅबिट्स ऑफ हायली इफेक्टिव्ह पीपल’, १९८९ सालचं. त्यातली दुसरी सवय आहे, शेवट डोळ्यांपुढे ठेवून सुरुवात करा. तिथंच हे मिशन स्टेटमेंट येतं. आणि त्याआधी कव्ही वाचकाला त्याच्या स्वतःच्या अंत्यविधीला नेऊन बसवतात. तीन वर्षांनंतरचा दिवस. बोलायला चौघं उभी राहणार: एक घरचं, एक मित्रमंडळींतलं, एक कामाच्या ठिकाणचं, एक चर्चमधलं किंवा समाजकार्यातलं. यांनी तुमच्याबद्दल काय बोलावं असं तुम्हाला वाटतं?

शेवट समोर ठेवणं आपल्याला नवं नाही. समाधिमरण घडो ही भावना आपण प्रार्थनेत रोज म्हणतो. माझी अडचण त्या चौघांशी आहे. नोकरीधंद्यात बुडून घरदार विसरलेल्या पुरुषाला हा प्रश्न खाडकन जागं करत असेल. कव्हींच्या मनातही बहुधा तोच वाचक असावा. पण आपल्या बाईला जन्मापासून दुसरं काय विचारलंय? लोक काय म्हणतील, हेच की! आपल्या शोकसभा आठवा. गेलेली प्रत्येक बाई मनमिळाऊ, धर्मपरायण, अतिथीला कधी विन्मुख न पाठवणारी असते. ते चौघं काय बोलणार हे आम्हाला पाठ आहे, आणि शिबिरात आम्ही तेवढंच उतरवून दिलं.

कव्हींवर अन्याय नको. लोकांची स्तुती मिळवा असं ते म्हणत नाहीत. त्या शब्दांतून आपलं खरं मोल ओळखा, असं म्हणतात. आपापल्या भूमिका वेगळ्या काढून प्रत्येकीसमोर थांबायला लावतात, तेही मला पटलं. पण पुस्तकातले दोन नमुने शेजारी ठेवून वाचा. एक पुरुषाचा आहे. छोटी छोटी वाक्यं, एखाद्या दुकानाच्या पाटीसारखी: आधी घरात यश, प्रामाणिकपणाशी तडजोड नाही, जो समोर हजर नाही त्याची बाजू घ्यायची, वर्षाला एक नवं कौशल्य. दुसरा घर आणि नोकरी सांभाळणाऱ्या बाईचा. त्यात घर स्वच्छ, नीटनेटकं आणि तरीही राहण्याजोगं हवं असं आहे. घरात काय खायचं, काय वाचायचं याचा विवेक आहे. मुलांना शिकवणं आहे. पुरुषाच्या यादीत पहिला मान घराला, पण झाडू कुठंच नाही. बाईच्या कागदात तो सुरुवातीलाच येतो. लेखकानं यावर काही म्हटलेलं नाही. मला मात्र पुस्तकातली सगळ्यात बोलकी जागा तीच वाटली.

त्याच बाईचं शेवटचं कलम मात्र खणखणीत आहे, ते पैशाचं. पैसा नोकर, मालक नव्हे. कर्ज घर, गाडी अशा लांब मुदतीच्या गोष्टींपुरतंच. मिळकतीपेक्षा खर्च कमी. इथं पहिल्यांदा कागदाला हद्द दिसते. ते वाचताना मला सासूबाईंची वही आठवली.

आमच्या निपाणीच्या घरी तंबाखूच्या पेढीतून उरलेली लाल कापडी बांधणीची एक वही होती. आत्ती दरवर्षी आषाढात, चातुर्मास सुरू होताना, तिच्यात नियम लिहायच्या. कार्तिकापर्यंत साखर बंद. हिरव्या भाज्या पाचच, नावानिशी. अष्टमी-चतुर्दशीला मीठ नाही. सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. आणि खाली बारीक अक्षरात, “श्रावण वद्य पंचमी, पाहुण्यांच्या गडबडीत चहात साखर. एक उपवास.” आदर्श, प्रेमळ, समर्पित असा एकही शब्द त्या वहीत नव्हता. काय, किती, कधीपर्यंत आणि मोडलं तर काय, एवढंच. मिशन स्टेटमेंट मोडता येत नाही, आणि त्याचा मोठा दोष हाच. “मी सर्वांशी प्रेमानं वागेन” हे वाक्य मोडलं कधी, हे कुणी सांगावं? उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात व्रतं सांगितली, तिथंच प्रत्येकाचे पाच पाच अतिचारही मोजून ठेवले. माणूस चुकणार हे धरूनच चालले ते. अमेरिकेतही हे कुणाला सुचलं नव्हतं असं नाही. बेंजामिन फ्रँकलिननं तेरा गुणांची यादी करून, आठवड्याला एक गुण धरून, चुकल्याचे काळे ठिपके वहीत मांडले होते. नम्रता त्यानं मागाहून घातली, कारण तू गर्विष्ठ आहेस असं एका स्नेह्यानं त्याला तोंडावर सांगितलं.

इथं थांबले असते तर हा लेख आपल्या समाजात सगळ्यांना आवडला असता. बघा, आपल्या शास्त्रात सगळं होतंच! पण आत्तींची वही मी पुन्हा चाळली. एकवीस चातुर्मासांचे नियम, आणि सगळे ताटातले. दुसऱ्या कशाचा नियम त्या घेणार होत्या? परिग्रह-परिमाण व्रतात शेत-घर, सोनं-रुपं, धन-धान्य, दासी-दास, भांडीकुंडी यांची मर्यादा बांधायची असते. आत्तींच्या नावावर शेत नव्हतं, घर नव्हतं. सोनं अंगावर होतं, पण तिजोरीची किल्ली मामंजींच्या जानव्याला. चौथ्या अणुव्रताचं नावच स्वदारसंतोष, आपल्या बायकोत समाधान. ते लिहिताना समोर कोण बसलं होतं ते नावावरूनच कळतं. दिग्व्रत म्हणजे दहा दिशांना जाण्यायेण्याची मर्यादा. ती आत्तींना लग्नातच बांधून मिळाली होती, घर ते बस्ती. ज्याच्या हातात आहे त्यानं आवरायचं, म्हणून व्रताला मोल. हातातच नाही ते सोडायचं कसं? आत्तींच्या हातात साखर होती. ती त्यांनी सोडली.

म्हणून कव्हींचा कागद मी फेकून दिला नाही. तो काही झालं तरी ‘मी’पासून सुरू करायला लावतो. आत्तींच्या वहीत नियम आहेत, पण ‘मला पाहिजे’ असं एकदाही नाही. शिबिरात आम्हा सगळ्यांना ‘मी’ लिहायला सांगितलं आणि आम्ही तिथं सून लिहिली, हा दोष निम्मा आमचा.

या आषाढात मी दोन्ही एकत्र करून पाहिलं. वही आत्तींचीच, मागची पानं कोरी होती. चार ओळी लिहिल्या, कार्तिकी पौर्णिमेपर्यंतच्या. दुपारी दोन ते चार खोलीचं दार बंद, वाचन-लेखन, पाहुणे आले तरी. भाड्याच्या गाळ्याचे पैसे माझ्या खात्यात, आणि हिशेब मी बघणार. समोर नसलेल्या बाईबद्दल मंडळात बोलायचं नाही. साड्या नव्या नाहीत. सुनेला दाखवल्या. ती म्हणाली, “मम्मी, यात मिशन कुठंय?” मी म्हटलं, असू दे.

पहिल्या महिन्यात अकरा ठिपके पडले. साडीचा एकही नाही, बोलण्याचे दोन. बाकी नऊ दुपारी दोन ते चारच्या ओळीत.